निरोगी गिनीपिगला दरवर्षी पशुवैद्याकडे न्यावे का?

अबोली_ठाणे
आमच्या घरी चारोळी आणि खसखस या दोन गिनीपिग माद्या आहेत. परगावी बदली झालेल्या एका कुटुंबाकडून त्या आमच्याकडे आल्या, तेव्हा त्या सुमारे एक वर्षाच्या होत्या; आता अडीच वर्षांच्या आहेत. दोघी नीट खातात, पिंजऱ्याबाहेर सोडल्यावर धावतात आणि फ्रिजमधून कोथिंबिरीची जुडी काढल्याचा आवाज आला की दोन खोल्यांपलीकडून शीळ घालतात. थोडक्यात, तक्रारीला जागा नाही.

पूर्वी आमच्याकडे कुत्रा होता. रेबीजच्या लशीसाठी त्याला दरवर्षी न्यावेच लागे आणि त्या निमित्ताने त्याची तपासणीही होई. गिनीपिगना अशी कोणतीही नेहमीची लस नसते, त्यामुळे दीड वर्षात आम्ही एकदाही दवाखान्याची पायरी चढलेलो नाही. जवळच्या डॉक्टरांनी प्रामाणिकपणे सांगितले की ते मुख्यतः कुत्री-मांजरे पाहतात आणि काही झाले तर आणा. सासूबाईंचे म्हणणे असे, की ज्या जिवाला काही झालेले नाही त्याला उगाच रिक्षात घालून धक्के कशाला द्यायचे. गिनीपिगची माहिती असलेले डॉक्टर आमच्या घरापासून पाऊण तासावर आहेत आणि सध्या एप्रिलचे ऊन आहे.

तुम्ही निरोगी गिनीपिगला नियमित तपासणीसाठी नेता का? डॉक्टर त्यात नेमके काय पाहतात? आणि त्याने खरोखर फरक पडतो का?

जांभूळपान
आमचा गिनीपिग सहा वर्षे जगला. एकदाही डॉक्टरांकडे नेले नाही. गवत, भाजी, स्वच्छ पिंजरा आणि घरातल्या माणसांची माया एवढ्यावर त्याचे सगळे सुरळीत झाले आणि शेवटी तो वयाने गेला. त्यामुळे मला याची गरज वाटत नाही.

रानमेथी
जांभूळपान यांच्या अनुभवाचा आदर ठेवून माझा अनुभव सांगते, कारण तो मी सांगितला नाही तर या धाग्याला अपुरेपण राहील.

आमचा तांब्या साडेतीन वर्षांचा होता. तो खात नव्हता असे मी कधीच म्हटले नसते, कारण वाटीचा आवाज आला की तो सगळ्यांत आधी पुढे यायचा. गवताची काडी उचलायचा, दोन-तीनदा जबडा हलवायचा आणि काडी खाली ठेवायचा. लांबून पाहणाऱ्याला तो चरतो आहे असेच वाटे. एका संध्याकाळी त्याला मांडीवर घेतले तेव्हा हनुवटीखालचे केस ओले लागले. पाणी प्यायला असेल असे समजून मी ते पुसले. दुसऱ्या दिवशी पुन्हा ओले. मग त्याला स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवले तर वजन ७६० ग्रॅम भरले, आणि आमच्या जुन्या वहीत पाच महिन्यांपूर्वीची नोंद ९४० ग्रॅमची होती. मधल्या पाच महिन्यांत आम्ही एकदाही वजन केले नव्हते.

जवळच्या दवाखान्यात ओठ वर करून पुढचे दात पाहिले गेले आणि दात उत्तम आहेत असे सांगितले गेले. पुढचे दात खरोखरच उत्तम होते. गिनीपिगला एकूण २० दात असतात. त्यांतले चार पुढचे आणि १६ दाढा, आणि हे सगळे आयुष्यभर वाढत राहतात, ही गोष्ट मला त्यानंतर कळली. तांब्याच्या खालच्या दोन्ही बाजूंच्या दाढा आतल्या अंगाने वाढत जाऊन जिभेवर कमान झाली होती आणि जीभ तिच्याखाली अडकली होती. घास मागे ढकलता येत नसल्यामुळे तो काडी उचलून ठेवून देत होता. योग्य डॉक्टर सापडेपर्यंत आणखी सहा दिवस गेले. भूल देऊन दाढा घासल्या, पण त्याच्या अंगात ताकद उरली नव्हती आणि दुसऱ्या दिवशी पहाटे तो गेला.

वर्षातून एकदा कोणी जाणत्या माणसाने त्याच्या दाढा पाहिल्या असत्या तर कदाचित वेळेत कळले असते. आता आमच्याकडे दोन गिनीपिग आहेत. दर वर्षी तपासणी होते आणि दर रविवारी वजन.

गोठा_ते_दवाखाना
मी पशुवैद्य आहे. सातारा जिल्ह्यात बराच काळ गाई-म्हशींचे काम केले, आता पुण्यात लहान प्राण्यांचे करतो. अबोलीताईंचा दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण तपासणीत काय होते हे कळले की ती करावी की नाही हे ठरवणे सोपे जाते.

टोपली टेबलावर ठेवल्यावर मी पहिली दोन-तीन मिनिटे हात लावत नाही. प्राणी कसा बसला आहे, श्वास पोटातून ओढतो आहे का, चारही पायांवर सारखा भार देतो आहे का, हे हात लावण्याआधीच दिसते. मग वजन. प्रौढ गिनीपिग साधारण ७०० ते १२०० ग्रॅम भरतो, त्यामुळे एकाच दिवसाचा आकडा फार काही सांगत नाही. त्याच प्राण्याच्या मागच्या आकड्याशेजारी ठेवला की तो बोलू लागतो. नंतर डोळे, नाक, कान, केस फुंकरून त्वचा, नखे आणि तळपाय. तळपायाची कातडी लाल, चकचकीत, केस गेलेली दिसली तर ती पायाच्या गळवाची सुरुवात असू शकते, आणि त्या टप्प्यावर पिंजऱ्याचा तळ मऊ केला व वजन आटोक्यात ठेवले की बहुतेक वेळा काम होते. गळू हाडापर्यंत गेल्यावर महिनोन्‌महिने पट्ट्या कराव्या लागतात.

जबड्याच्या खालच्या कडेवरून बोट फिरवून गाठी-उंचवटे पाहायचे असतात. दाढा पाहण्यासाठी कान तपासायचे दिवा असलेले नळकांडे गालाच्या बाजूने आत घालावे लागते, कारण गिनीपिगचे तोंड चिंचोळे असते आणि गालांच्या आतल्या घड्या मध्ये येतात. रानमेथीताईंच्या तांब्याच्या बाबतीत नेमके हेच राहून गेले. जागेपणी सगळ्या दाढा पूर्ण दिसत नाहीत हेही सांगितले पाहिजे. शंका आली तर भूल देऊन पाहावे लागते आणि डोक्याचा एक्स-रे काढावा लागतो.

त्यानंतर छाती ऐकणे आणि पोट चाचपणे. दीड-दोन वर्षांवरच्या माद्यांमध्ये अंडाशयाच्या गाठी फार आढळतात. बाहेरून प्राणी ठणठणीत दिसतो. पुढे दोन्ही कुशींवरचे केस सारखेच विरळ होऊ लागतात तेव्हा मालकाच्या लक्षात येते. सरावलेल्या हाताला ती गाठ त्याआधी लागू शकते. मूतखडाही या प्राण्यात नेहमीचा आहे आणि तो बहुधा कॅल्शियमचा असल्यामुळे एक्स-रेमध्ये स्पष्ट दिसतो. लघवी वाळल्यावर मागे थोडी पांढरी भुकटी राहणे हे स्वाभाविक असते, पण लालसर लघवी किंवा लघवी करताना चीत्कार हे तपासणीची वाट न पाहता येण्याचे कारण आहे.

माझे मत असे, की चार वर्षांपर्यंत वर्षातून एकदा आणि त्यानंतर सहा महिन्यांनी एकदा दाखवावे. त्यांचे आयुष्य साधारण पाच ते आठ वर्षांचे, त्यामुळे आपल्या एका वर्षात त्यांचे बरेच वय सरलेले असते.

पाणवठा
डॉक्टरांनी सविस्तर लिहिले त्याबद्दल आभार. तरीही मी विरुद्ध बाजू मांडतो, आणि ती मनापासून मांडतो.

गिनीपिग हा भक्ष्य होणारा प्राणी आहे. टोपलीत कोंडणे, वाहनाचा आवाज आणि समोर भुंकणारा कुत्रा यांमुळे त्याच्यावर येणारा ताण खरा असतो. तापमान २६ अंशांच्या वर गेले की त्यांना उष्णतेचा त्रास होऊ लागतो, आणि आपल्याकडे मार्च ते जून दुपारची रिक्षा म्हणजे भट्टी. शिवाय कुत्र्यांच्या आणि सशांच्या श्वसनमार्गात बोर्डेटेला नावाचे जिवाणू त्यांना काहीही त्रास न देता राहू शकतात, पण तेच गिनीपिगला जीवघेणा न्यूमोनिया देतात. म्हणजे निरोगी प्राण्याला आपण आजारी प्राण्यांच्या खोलीत नेऊन बसवतो.

आणि सर्वांत मोठी भीती औषधाची. माझ्या बहिणीच्या गिनीपिगला किरकोळ शिंका येत होत्या. एका दवाखान्यात त्याला अमॉक्सिसिलिनचे तोंडातून द्यायचे औषध दिले गेले. तिसऱ्या दिवशी जुलाब सुरू झाले आणि पाचव्या दिवशी तो मेला. शिंका कदाचित भुश्शाच्या धुळीच्या असतील. अशा स्थितीत घरीच दर आठवड्याला नीट तपासणे अधिक सुरक्षित आहे, असे माझे ठाम मत आहे.

गोठा_ते_दवाखाना
पाणवठा, तुमच्या बहिणीच्या बाबतीत जे घडले ते ऐकून वाईट वाटले, आणि तुमची भीती अनाठायी नाही. पेनिसिलिन, अँपिसिलिन, अमॉक्सिसिलिन, लिंकोमायसिन, क्लिंडामायसिन ही औषधे गिनीपिगला तोंडातून देऊ नयेत. त्याच्या मोठ्या आंधळ्या आतड्यात गवत आंबवणारे उपयुक्त जिवाणू असतात. ही औषधे नेमके तेच मारतात, मोकळ्या जागेत क्लॉस्ट्रिडियम जातीचे जिवाणू माजतात आणि त्यांच्या विषाने प्राणी दगावतो. कुत्र्याला रोज दिले जाणारे औषध या प्राण्याला मारू शकते, हे ज्या डॉक्टरला ठाऊक नाही त्याच्याकडे नेऊ नये.

पण यावरून मी उलटा निष्कर्ष काढतो. प्राणी निरोगी असताना गेलात तर डॉक्टरला प्रश्न विचारायला तुम्हाला सवड असते. तुम्ही महिन्याला किती गिनीपिग पाहता, दाढा कशा पाहता, भूल देण्याआधी उपाशी ठेवायला सांगता का, हे विचारा. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘रात्रभर उपाशी ठेवा’ असे आले तर तेथून परत या. गिनीपिगला उलटी होत नाही आणि त्याचे आतडे रिकामे राहिले तर मंदावते; कुत्र्याचा नियम त्याला लावायचा नसतो. मध्यरात्री प्राणी निपचित पडलेला असताना ही चौकशी कोणालाच करता येत नाही.

बोर्डेटेलाबद्दल तुमचे म्हणणे बरोबर आहे. फोन करून सकाळची पहिली वेळ घ्यावी, बाहेरच थांबावे आणि थेट आत जावे. ज्यांच्या गावात असा डॉक्टर नाही त्यांनी परळ, शिरवळ किंवा नागपूर येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयांच्या दवाखान्यांत फोन करून विचारावे. परळचे महाविद्यालय १८८६पासून चालू आहे आणि अशा ठिकाणी विचारपूस केली की निदान योग्य माणसाचा पत्ता लागण्याची शक्यता असते.

तळ्याकाठी_झुरिक
मी नोकरीनिमित्त स्वित्झर्लंडमध्ये राहते. येथे २००८पासूनच्या नियमांनुसार गिनीपिग एकटा ठेवता येत नाही, त्याला जातीचा सोबती असावाच लागतो. त्याचा दवाखान्याशीही संबंध आहे. येथे आमच्या डॉक्टरीणबाई एकाची तपासणी असली तरी दोघांना एकाच टोपलीत आणायला सांगतात. सोबती शेजारी असला की आजारी प्राणी दवाखान्यातही गवत तोंडात घेतो, आणि परत आल्यावर दुसऱ्याला त्याचा वास परका वाटून भांडण होत नाही. टोपलीत घरच्या पिंजऱ्यातले थोडे वापरलेले गवत घालावे आणि पाण्याऐवजी काकडीचा तुकडा ठेवावा. पाण्याची बाटली वाटेत गळते आणि प्राणी भिजतो.

अबोली, चारोळी आणि खसखस यांना एकत्रच ने.

चिंचोका
थोडे अवांतर, पण विषयाला धरून आहे. दुकानातून पाण्यात घालायचे क जीवनसत्त्वाचे थेंब आणले आहेत. ते रोज घातले तर पुरेल का? तपासणीत कमतरता कळते का?

रानमेथी
चिंचोका, थेंब पाण्यात घालू नका. प्रकाशात ते जीवनसत्त्व लवकर नष्ट होते आणि चव बदलल्यामुळे प्राणी पाणीच कमी पितो. आम्ही रोज ढोबळी मिरचीची एक फोड आणि कोथिंबीर देतो, अधूनमधून पेरूचा छोटा तुकडा. तयार खाद्याचे पाकीट घेताना बनवल्याची तारीख पाहते, कारण जुन्या पाकिटातले क जीवनसत्त्व विरून गेलेले असते.

गोठा_ते_दवाखाना
रानमेथीताईंनी बरोबर सांगितले. किलोमागे रोज साधारण १० ते ३० मिलिग्रॅम लागते. आजारी किंवा गाभण मादीला वरच्या बाजूचे. माणसाप्रमाणेच गिनीपिगच्या शरीरात हे जीवनसत्त्व तयार होत नाही. १९०७ साली नॉर्वेत होल्स्ट आणि फ्रोलिख हे दोघे खलाशांच्या आजाराचा अभ्यास करत होते; त्यांनी गिनीपिगना नुसते धान्य खाऊ घातले आणि त्यांना स्कर्व्ही झाला. स्कर्व्हीच्या संशोधनाची दिशाच त्यातून बदलली. आपल्याकडे अजूनही काही घरांत गिनीपिगला केवळ गहू, मका आणि बाजारचे पक्ष्यांचे मिश्रण घालतात, म्हणजे तोच आहार.

सुरुवातीची कमतरता तपासणीत खात्रीने कळत नाही. सांधे दुखून प्राणी उचलताना ओरडतो, केस राठ होतात, जखम भरत नाही, तेव्हा ती बरीच पुढे गेलेली असते. म्हणून चांगला डॉक्टर तपासणीइतकाच वेळ तुम्ही काय खाऊ घालता हे विचारण्यात घालवतो. दोन दिवसांच्या आहाराची नोंद सोबत न्यावी. लसूणघास रोज घालणारे मालक मला त्या नोंदीतूनच सापडतात. वाढत्या पिल्लांना आणि गाभण मादीला तो चालतो, पण प्रौढ प्राण्याला त्यातले कॅल्शियम जास्त होते.

कवडसा
मी महाविद्यालयात शिकतो. नियमित तपासणीचे राहू द्या, निदान पहिली तपासणी तरी घरी आणल्यावर आठवडाभरात करावी असे मी कळकळीने सांगेन. दुकानदाराने दोन माद्या म्हणून दिलेल्या जोडीत एक नर होता. साठ-सत्तर दिवसांनी सकाळी पिंजऱ्यात तीन पिल्ले होती, अंगभर केस आणि उघडे डोळे घेऊन, जणू कोणी बाहेरून आणून ठेवली असावीत. आमची मादी लहान वयाची होती म्हणून निभावले. सहा-सात महिन्यांचे वय उलटल्यावर पहिलेच बाळंतपण आले तर कटिबंधाची हाडे पुरेशी सुटत नाहीत आणि मादीचा जीव धोक्यात येतो, असे डॉक्टरांनी नंतर सांगितले. त्यांनीच तीन आठवड्यांच्या नर पिल्लाला वेगळे करायला लावले, नाहीतर तोच प्रकार पुन्हा घडला असता. लिंग ओळखून घेणे हे दोन मिनिटांचे काम होते.

पाणवठा
कवडसा यांचे म्हणणे पूर्ण पटले. पहिल्या तपासणीला माझा विरोध नाही. डॉक्टरांचे उत्तर वाचून वार्षिक तपासणीलाही पूर्वीइतका राहिलेला नाही, मात्र ती उन्हाळ्यात करू नये आणि डॉक्टरांची पारख केल्याशिवाय करू नये, एवढे मी सोडणार नाही. आणि वर्षातून एकदा दाखवले म्हणून उरलेले ५१ आठवडे काटा कपाटात राहिला तर त्या तपासणीचा उपयोग नाही.

जांभूळपान
मी वर लिहिले होते की आमचा गिनीपिग वयाने गेला. हा धागा वाचल्यापासून दोन रात्री मी त्याच्या शेवटच्या महिन्यांचा विचार करतो आहे. तो हडकला होता. आम्ही त्याला ‘म्हातारा झाला’ म्हणायचो. गवत सोडून तो फक्त मऊ काकडी खायचा आणि आम्ही कौतुकाने काकडी किसून द्यायचो. हनुवटी ओली असायची की नाही ते मला आठवत नाही, कारण मी कधी पाहिले नाही. कदाचित ते वयच असेल. पण आता मी तसे खात्रीने म्हणू शकत नाही, म्हणून माझा पहिला प्रतिसाद कोणी सल्ला म्हणून घेऊ नये.

रानमेथी
जांभूळपान, किसलेली काकडी त्याला गोडच लागली असेल. सहा वर्षे तुमच्याकडे तो मायेत होता.

अबोली_ठाणे
सर्वांचे मनापासून आभार. पाणवठा यांचे ऐकून पाऊस सुरू होईपर्यंत थांबले आणि काल, जुलैच्या पहिल्या शनिवारी, सकाळी साडेआठची वेळ घेऊन दोघींना एकाच टोपलीतून नेले. उपाशी ठेवण्याचा प्रश्न मी फोनवरच विचारला. ‘उलट गवत बरोबर आणा,’ असे उत्तर आले, तेव्हाच निम्मी काळजी मिटली.

तपासणीला दोघींची मिळून अर्धा तास लागला. दाढा पाहताना खसखसने एकदाच निषेधाचा सूर काढला. तिच्या दाढा चांगल्या आहेत, मात्र मागच्या दोन्ही टाचा लालसर आहेत. पिंजऱ्यातली जाळी काढून तळाला मऊ कापड घालायला सांगितले आहे. चारोळीचे पोट चाचपताना डॉक्टरांचा हात उजव्या बाजूला थांबला. त्यांनी तीच जागा पुन्हा पाहिली आणि माझे बोट हलकेच तेथे ठेवले. मला वाटाण्यापेक्षा थोडे मोठे काहीतरी सरकल्यासारखे वाटले. सोनोग्राफीत ती अंडाशयाची गाठ निघाली. सध्या तिला त्रास नाही, म्हणून तीन महिन्यांनी पुन्हा मोजायची आणि वाढली तर शस्त्रक्रियेचा विचार करायचा असे ठरले आहे. बाहेरून पाहून मी तिला या घरातली सर्वांत धडधाकट व्यक्ती म्हटले असते.

परत आल्यावर दोघींनी दहा मिनिटांत कोथिंबीर मागितली. सासूबाईंनी काही न बोलता भिंतीवरच्या कॅलेंडरवर, दुधाच्या हिशेबाच्या खाली, ‘चा. ९१०, ख. ८६५’ असे लिहिले आणि पुढच्या सगळ्या रविवारांवर पेन्सिलीने टिंब दिले आहे.

डॉक्टरांना एक विचारायचे आहे. तीन महिन्यांच्या आत कोणते लक्षण दिसले तर थांबू नये?

गोठा_ते_दवाखाना
कुशीवरचे केस विरळ होऊ लागले, पोट फुगलेले दिसले, उचलताना ती ओरडू लागली, पाठ वर काढून बसू लागली किंवा लागोपाठ दोन रविवारी वजन उतरले, तर तारखेची वाट न पाहता न्या. एखाद्या दिवशी २०-३० ग्रॅमचा फरक खाण्यापिण्याने पडतो, त्याने घाबरू नका. वजन नेहमी एकाच वेळी, सकाळी भाजी देण्याआधी करा. आणि बारा तास काहीच खाल्ले नाही तर कारण कोणतेही असो, त्याच दिवशी दवाखाना.

ऑक्टोबरमध्ये गाठीचे माप येथे नक्की लिहा.